गरम सीट आणि आईची जांभळी पिशवी

८ जानेवारी
आजपासून नोंदी ठेवायच्या. संशय नव्हे, नोंदी. माझा स्वभाव संशयी नाही. हे मला माहीत आहे, फक्त माझ्या नवऱ्याला, इसाओला पटत नाही.

आई तेरा तारखेला येतेय. सध्या दादाकडे, ओमिया शहरात आहे. तिच्या गावात बर्फ छपरापर्यंत चढतं, ते उपसायला एकोणऐंशीव्या वर्षी तिनं एकटं राहू नये, असं दादाचं आणि माझं ठरलं. यापुढे ती एकाकडे कायमची राहील. कुणाकडे, ते तिनं सांगायचं. सेत्सुबुनला सांगते म्हणाली, म्हणजे तीन फेब्रुवारीला, घरातल्या राक्षसाला हाकलायला दाणे फेकतात त्या दिवशी.

मी तिच्यावर कसलाही दबाव आणणार नाही. फक्त टॉयलेटची सीट बदलणार आहे.

८ जानेवारी, दुपार
कारण लिहून ठेवते. अकेमीवहिनीनं फोटो पाठवलाय. त्यांच्या नव्या टॉयलेटचा. माणूस दारात आलं की झाकण आपोआप वर होतं, आत निळा दिवा लागतो. खाली लिहिलंय, आईंना गंमत वाटतेय!

टॉयलेटचा फोटो कोण कुणाला पाठवतं? हा निरोप नाही. ही चाल आहे.

आमची सीट चौदा वर्षांची. गरम होणं गेल्या हिवाळ्यात थांबलं. धुवायचा पाण्याचा फवारा येतो, पण म्हाताऱ्या माणसानं रुसून बोलावं तसा, थांबत थांबत.

९ जानेवारी
दुकान. दोन प्रकार. एकात टाकी असते, पाणी आधीच तापवून ठेवलेलं. स्वस्त, पण दुसऱ्या माणसाला गार पाणी लागू शकतं. दुसऱ्यात पाणी लागेल तसं तापतं. महाग, पण वीज कमी खातं. विक्रेता महाग प्रकाराजवळून हलेचना. मी विचारलं, तुमच्या घरी कुठली आहे? म्हणाला, मी भाड्यानं राहतो, घरमालकानं बसवलेली साधीच आहे. म्हणजे स्वतः साधीवर बसतो आणि लोकांना महाग विकतो! लक्षात ठेवलं.

इंटरनेटवर लोकांची मतं वाचली. एकशे बारा. त्यातल्या निदान साठ जणांनी ‘घरचे सगळे खूश’ असंच लिहिलंय. कुणाच्याही घरचे सगळे खूश नसतात. साठही एकाच माणसानं लिहिली असावीत.

१० जानेवारी
टाकीची घेतली. गेल्या वर्षीचं मॉडेल. झाकण आपोआप उघडत नाही, पण आईला हात आहेत. आमचं घर चारचौघांसारखं आहे, दिखाऊ नाही. आईला हे कळतं.

इसाओनं स्वतः बसवली. राइस क्रॅकरच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो, त्याला पाना कसा धरायचा ते कळतं. मग म्हणाला, आईंना सीटचं काय पडलंय, योरिको? त्यांना सरळ विचार की, राहता का म्हणून. मी म्हटलं, विचारणं म्हणजेच दबाव. तो पाना पुसायला लागला. पटलं असावं.

१३ जानेवारी
आई आली. हातात एक बॅग, एक लोणच्याची बरणी, आणि नाडीची एक जांभळी कापडी पिशवी. बॅग मला दिली, बरणी इसाओला. पिशवी कुणाला देईना.

टॉयलेट दाखवलं. बटणं दाखवली. मोठं बटण फवाऱ्याचं, त्याखालचं उबेचं. ऊब सर्वांत वरच्या आकड्यावर ठेवलीय. आई म्हणाली, अगं बाई, केवढी चकचकीत! हिच्यावर बसायचं की हिला नमस्कार करायचा? मी म्हटलं, वहिनीच्या इतकी नाही. ती म्हणाली, तिची तर मला भीतीच वाटली. झाकण उघडलं नि वाटलं, आत कुणी बसलेलं होतं आणि आता उठून मला जागा देतंय.

गुण आपल्या खात्यात.

१५ जानेवारी
आई म्हणते, पाणी येत नाही. बटण दाबलं, काही नाही.

मी आत जाऊन बसले. दाबलं. आलं. व्यवस्थित.

आईला सांगितलं. ती म्हणाली, असेल बाई, माझ्याच हाताला जोर नसेल. मुद्दाम इतक्या गोडपणे का बोलली?

१७ जानेवारी
पुन्हा नाही आलं म्हणाली. पुन्हा मी बसले, पुन्हा आलं. इसाओलाही बसवलं. त्यालाही आलं. आता घरात तीन माणसं आणि दोघांनाच पाणी.

नोंद: आई टॉयलेटला जाताना जांभळी पिशवी घेऊन जाते. प्रत्येक वेळी.

१८ जानेवारी
दारापाशी उभी होते. ऐकत नव्हते, कॉरिडॉरमधली फरशी पुसत होते. आतून आधी सरसर असा आवाज. मग शांतता. मग पुन्हा सरसर. मग पाणी सोडल्याचा. बाहेर आली आणि म्हणाली, कालच तर पुसलीस ना गं?

टॉयलेटच्या चपला तिनं नेहमीसारख्या दाराकडे तोंड करून, जोडीनं ठेवल्या होत्या. इतक्या नीट, जणू परक्याच्या घरी.

पिशवीत फोन असेल का? आत बसून वहिनीशी बोलते का? ‘पाणी येत नाही असं सांगत राहा, आई’ असं वहिनी शिकवत असेल का? मी कुणावर आळ घेत नाही. शक्यता लिहितेय.

२१ जानेवारी
दुकानाला फोन केला. बाई फार नम्र होती, म्हणजे काहीतरी लपवत होती. म्हणाली, सीटमध्ये सेन्सर असतो, माणूस बसलंय हे कळल्याशिवाय फवारा सुटत नाही. मग विचारलं, सीटवर कापडी कव्हर वगैरे चिकटवलंय का? मी म्हटलं, आमच्या घरात असलं काही नाही. नव्या सीटवर कव्हर कोण घालतं! ती म्हणाली, तर मग माणूस पाठवते, चार तारखेला. मी म्हटलं, लवकर? म्हणाली, बर्फामुळे उशीर.

चार. म्हणजे आईनं ठरवल्यानंतर. किती सोयीस्कर.

२५ जानेवारी
रात्रीच्या जेवणाला आईनं तारोच्या कंदांची, सॅमन मासा घातलेली भाजी केली. बाबांना आवडायची तशी. इसाओनं दोनदा घेतली. खूप बोलली आज. गावचा पोस्टमन, शेजारणीचं मांजर. मी तिच्याकडे बघत होते आणि मनात येत होतं, असंच रोज व्हावं. म्हणणारच होते काहीतरी. पण मग ती पिशवी घेऊन उठली.

२९ जानेवारी
धुतलेल्या कपड्यांत दोन फेल्टचे तुकडे सापडले. गुलाबी. केळ्यासारखे वाकलेले, पाठीमागे खरखरीत चिकटणारा थर. शंभर येनच्या दुकानात मिळतात ते, सीटच्या डाव्या-उजव्या बाजूला लावायचे. आईनं घाईघाईनं उचलले, जांभळ्या पिशवीत घातले, नाडी ओढली.

मी म्हटलं, हे लावतेस? सेन्सरला कळतच नाही मग तू बसलीस ते! आई म्हणाली, अगं, नवी कोरी सीट. माझा हात थरथरतो, कधी काही सांडलं तर? मग तुलाच घासत बसावं लागेल. येते तेव्हा लावते, जाते तेव्हा काढून नेते. कुणाच्या घरी राहायचं म्हणजे जपून राहावं.

कुणाच्या घरी.

मी तिला म्हटलं, काढ ते, सीट गरम आहे की. ती म्हणाली, बरं. सरसर आवाज अजूनही येतोय.

३ फेब्रुवारी
दाणे फेकले. इसाओ राक्षस झाला, कागदी मुखवटा लावून. आईनं त्याला दारापर्यंत पिटाळलं आणि बर्फात ढकललंच. मग वयाइतके दाणे खायचे म्हणून तिनं पन्नासपर्यंत मोजले आणि म्हणाली, उरलेले दातांना माफ.

मग सांगितलं. ओमियाला जाणार.

मी शांत होते. अगदी शांत. फक्त विचारलं, झाकणामुळे? आई म्हणाली, कसलं झाकण? अकेमीनं पहिल्याच दिवशी त्याची वायर काढून टाकली, मी दचकते म्हणून. या तुकड्यांची माझी दुसरी जोडी तिथे तेव्हापासून चिकटवलेलीच आहे. मी काढायला गेले तर ओरडली माझ्यावर. म्हणाली, आई, काय लावलंय हे, रोज लावा नि काढा! आता तुम्ही इथल्याच. मी म्हटलं, अगं, मुलीलाही मला विचारू दे. ती म्हणाली, विचारू दे की, पण मी तुम्हाला आधी मागितलंय हं.

म्हणून थांबले होते, आई म्हणाली. तू काय म्हणतेस ते बघायला.

मी म्हटलं, मला वाटलं, विचारणं म्हणजे दबाव. इसाओनं राक्षसाचा मुखवटा पुन्हा तोंडावर ओढला.

४ फेब्रुवारी
सकाळी स्टेशनवर. आई खिडकीपाशी बसली, मी प्लॅटफॉर्मवर. गाडी सुटायला तीन मिनिटं होती. तीन मिनिटांत एक शब्द सहज बसतो. मी दारापर्यंत गेले, आत वाकले, आणि म्हटलं, आई, टॉयलेट पुढच्या डब्याच्या दाराजवळ आहे.

आई म्हणाली, बरं हो. आणि हसली. पिशवी मांडीवर होती.

घरी आले. दुकानाचा माणूस दहा वाजता आला. बटण दाबलं, तपासलं, म्हणाला, ताई, हिला काहीच झालेलं नाही.

तो गेल्यावर मी बसले. ऊब अजून सर्वांत वरच्या आकड्यावर होती.