कावळ्यांची रांग

एल्म फोर्क, नेब्रास्का
एप्रिल १९३८

प्रिय सेल्माताई,

तुझा खोकला कसा आहे? मी मजेत. घरमालकीण पोटभर जेवायला घालते आणि पोटभर बोलतेही.

आमच्या शाळेला जिल्ह्यात गायनाचं पहिलं बक्षीस मिळालं. ज्या मुलांना सूर सापडत नाही त्यांना इथं कावळे म्हणतात. त्यांनी मागच्या रांगेत उभं राहून नुसते ओठ हलवायचे. याला हेडमास्तर गॅडस्बी संगीतशिक्षण म्हणतात, आणि त्याचा पगार मी घेते.

परवा कावळ्यांपैकी एकीची, व्हर्नाची, आई भेटली. "बाई, एवढ्या पोरांत आमच्या व्हर्नाचा गोड आवाज मी बरोबर ओळखला हो." मी मान डोलावली. "फक्त घरी हल्ली गात नाही. आधी कोंबड्यांना दाणे टाकताना नुसता उच्छाद असायचा. शाळेत गाऊन दमत असेल."

काल मी व्हर्नाला बाजूला घेतलं. म्हटलं, "शुक्रवारच्या कार्यक्रमात तू मोठ्यानं गा. गॅडस्बी सरांना मी बघून घेईन."

"नको बाई."

"अगं, या वेळी बक्षीसबिक्षीस काही नाही. कुणी रागावणार नाही."

तिनं माझीच समजूत घालावी तशा स्वरात सांगितलं, "पण आईला कळेल ना, माझा आवाज कसा आहे ते."

पुढच्या वर्षी मी इथं नसेन. हेडमास्तरांना अजून सांगितलेलं नाही, तुलाच आधी सांगते. वरची खोली कुणाला देऊ नकोस, आणि खोकल्याचं औषध वेळेवर घे.

तुझी धाकटी,
एडना