तुझा निष्कर्ष

रविवार, ता. ९

प्रिय प्राध्यापक महाशय,

पत्र पोचलं. इथे सगळं ठीक आहे. गॅलरीतला नळ दुरुस्त झाला, तुझ्या आईंचे गुडघेही आता बरे म्हणायचे. फोनवर आपण एकमेकांना वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहिते आहे.

तिकडचं विद्यापीठ तुला आणखी तीन वर्षं ठेवून घेतंय, हे वाचून अभिमान वाटला. पुढचं वाचून डोकं फिरलं. ‘माणूस काय बोलतो यापेक्षा काय करतो ते पाहावं. तू रजा घेत नाहीस, रविवारीही प्रयोगशाळेत जातेस, त्या अर्थी तुझं तिथे उत्तम चाललंय. तेव्हा महिनाअखेरीस होकार कळवतो.’ लग्न झाल्यापासून मी तुला चिडवत आले की अर्थशास्त्र काही खरं विज्ञान नव्हे, आणि तू जेवण गार होईपर्यंत भांडत आलास. आज तूच माझ्या हाती आयतं कोलीत दिलंस.

अरे, तपासायला आलेल्या पाण्याच्या बाटल्यांच्या ओढीने कोण रविवारी कामावर जातं? घरात तू नसतोस म्हणून जाते. तू पाहिलंस ते खरं आहे, कारण तेवढं साफ चुकलं.

आम्ही पाण्याचा नमुना तपासताना शेजारी शुद्ध पाण्याची नळी ठेवतो. तपासणीचं रसायन घातल्यावर तिच्यातही रंग आला तर दोष नमुन्यात नाही, आपल्या रसायनात, हे कळतं. माणसांसाठी अशी नळी कुठून आणू, असं तू म्हणायचास आणि मी हसायचे. तू इथेच राहिला असतास तर मी कशी असते, हे तपासायची सोय आता मलाही नाही.

तरी तुझं पत्र आल्यावर गेल्या आठवड्यात रजा टाकून घरी बसून पाहिलं. सकाळी तुझं कपाट आवरलं. दुपारी पुन्हा तेच आवरलं. आई म्हणाल्या, “अगं, त्याच्या शर्टांच्या घड्या किती वेळा घालशील?” दुसऱ्या दिवशी उरलेली रजा रद्द करून कामावर गेले. तेही तू कामाची आवड म्हणूनच धरशील.

एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही, असं म्हणशील. म्हण. पण मला विचारता आलं असतं रे. मीही दर पत्रात ‘मजेत आहे’ लिहीत आले, कारण तुझ्या नोकरीच्या आड यायचं नव्हतं. मी मजेत नाही. मला तू समोर हवा आहेस, रोज, भांडायला.

होकार कळवू नकोस. घरी ये.

तुझी वाट पाहणारी
(वागण्यावरून हे दिसत नाही, म्हणून लिहून कळवते आहे)