व्याही रुसले आणि पंगत थांबली

॥ श्री ॥
बीड, २५ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझं बोलणं तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं जोडता, म्हणून हे पत्र. आजोबांना पत्र लिहिते म्हणून होस्टेलच्या मुली हसतात. हसू देत.

आम्ही कॉलेजातली चौघं मिळून एक विनोदी शॉर्टफिल्म करतोय. पैसे कुणालाच नाहीत, चहासुद्धा ज्याचा त्याचा. सुरज कॅमेरा धरणार, सुनिता आवाज घेणार, आमच्या वर्गातला लिंबागणेशचा सोमेश्वर व्याह्याचं काम करणार आणि लिहिणं-सांगणं माझ्याकडे. गोष्ट अशी की लग्नाच्या पंगतीत जिलेबीचा आग्रह झाला नाही म्हणून व्याही रुसून तोंड फिरवून बसतात. कुणी लक्षच देत नाही, सगळे खुशाल जेवतात. शेवटी व्याही आपणहून उठून येतात, तर पातेलं रिकामं!

त्यासाठी आपलं अंगण हवं आणि पंगतीला वीसेक माणसं. ताटात थोडं थोडं वाढलं तरी दिसण्यापुरतं चालेल. कॅमेरा सुरजच्या मावसभावाचा, लग्नाच्या शूटिंगचा, त्यामुळे ८ डिसेंबरचा एकच रविवार मिळतोय.

आप्पा, बाबांचं तुम्हाला ठाऊक आहे. ही एक फिल्म कर, मी बघतो, मग ठरवू, असं ते म्हणालेत. आवडली तर पुण्याला दिग्दर्शन शिकायला पाठवतील, नाहीतर बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचाय. माझं सगळं या पंगतीवर अडकलंय. लोभ आहेच, तो या कामापुरता जरा वाढवावा.

तुमची,
वैष्णवी

॥ श्री ॥
तलवाडा, २९ नोव्हेंबर २०२४

चि. वैष्णवी हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. अंगण तुझंच आहे, विचारतेस काय? माझा लग्नातला कोट आणि फेटाही काढून ठेवलाय. सोमेश्वर अंगानं कसा आहे ते कळव, नाहीतर कोटात शोधावा लागेल.

मात्र एक सांगतो. दिसण्यापुरतं वाढायचं हे माझ्या दारात जमणार नाही. माणूस पाटावर बसला की पोटभर उठला पाहिजे. मी आचारी सांगितलाय, मागच्या अंगणात चूल मांडू. अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेलंय, तरी माणसांची काळजी करू नकोस. आवतणाचं काम मुंजाजीकडे दिलंय.

आणि तुझी गोष्ट वाचून हसलो खरा, पण व्याही असा आपणहून उठत नसतो, बाई. त्याला हाताला धरून म्हणावं लागतं. एकदा म्हटलं तर तो ऐकत नाही, दुसऱ्यांदा म्हटलं तर जास्त फुगतो आणि तिसऱ्यांदा उठतो. मी स्वतः तुझ्या बापाच्या लग्नात दोनदा फुगलेलो आहे. पण फिल्म तुझी, तुला वाटेल तसं कर.

तुझा बाप विजयसिंह त्या दिवशी गेवराईला जाणार म्हणतोय. जाऊ दे. तब्येतीला जप आणि म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
आप्पा

॥ श्री ॥
बीड, ९ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

काल पाया न पडता निघाले, रागावू नका. कॅमेरा परत द्यायची घाई होती आणि रडू येत होतं. तुम्ही मागे चुलीपाशी होता, पुढे काय झालं ते तुम्हाला दिसलं नसेल, म्हणून लिहिते.

पहिला घोळ मुंजाजीकाकांचा. त्यांनी दारोदार अक्षता देऊन चूलबंद आवतण दिलं. सकाळपासून ज्यांच्या घरी चूलच पेटली नव्हती ती सगळी घरं पोराबाळांसकट आली. तेही चाललं असतं. मी सगळ्यांना समजावलं की व्याही रुसतील, तुम्ही बघायचं नाही, जेवत राहायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सोमेश्वर उठला, पाय आपटत धान्याच्या कणगीपाशी गेला आणि तोंड फिरवून बसला. आणि आप्पा, आख्खी पंगत थांबली! एकानं घास उचलला नाही. मी कॅमेऱ्यामागून हातानं खुणा करतेय, जेवा, जेवा. पुढच्या पाटावरच्या भिवराबाई मलाच दटावून म्हणाल्या, पाव्हणा उपाशी बसलाय अन् आमी कसं जेवावं, लेकरा? शहादेवआजोबा उठले आणि सोमेश्वरच्या दंडाला धरून म्हणू लागले, चुकलं आमचं, चला. त्याला आदल्या दिवशी बसस्टँडवरून त्यांनीच घरी आणलं होतं, हा खोटा व्याही हे ठाऊक, तरी! सोमेश्वरला पुढचं वाक्य सुचेना, तो आणखीच भिंतीकडे वळला. त्यानं लोक जास्तच हळहळले. सुनितानं तर माइकची काठी खाली टाकली आणि पाण्याचा तांब्या घेऊन समजूत घालायला गेली. आमचीच सुनिता!

तेवढ्यात बाबा गेवराईहून आले. काय चाललंय ते न विचारता त्यांनी जिलेबीचं ताट उचललं, सोमेश्वरपुढे उकिडवे बसले आणि कितीतरी वेळ त्याला काहीबाही सांगत राहिले. शेवटी त्याच्या तोंडात जिलेबी घातली. सोमेश्वरची खोटी मिशी जिलेबीला चिकटून आली. तो खरंच रडायला लागला, मग सगळे जेवले.

माझा विनोद मेला. दुसऱ्यांदा घ्यायला ना ताटं उरली ना वेळ. बाबा बसस्टँडवर सोडताना एक शब्द बोलले नाहीत. आता क्लासचं बघते. मन दुखतंय, तुमचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची,
वैष्णवी

॥ श्री ॥
तलवाडा, १३ डिसेंबर २०२४

चि. वैष्णवी हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतका हसलो की तुझी आई पाणी घेऊन धावत आली. मी कागदावर वाचून हसतोय, आणि तू डोळ्यांनी बघून रडत बसलीस? सुरजनं कॅमेरा बंद केला नव्हता ना? मग जे झालं ते जसंच्या तसं जोडून बघ. तुझ्या गोष्टीपेक्षा हीच बरी, हे मी आजोबा म्हणून नाही, दोनदा फुगलेला व्याही म्हणून सांगतो.

मुंजाजीला विचारलं. तो म्हणाला, आप्पा, मला फिलमीचं आवतण कसं देत्यात ते ठावं न्हाई, पंगतीचं ठावं हाय.

विजयसिंहाचं म्हणशील तर तो तुझ्याशी गप्प असेल, इथं नाही. व्याह्याला आपण काय काय बोललो ते रोज एकेकाला धरून ऐकवतोय. पुण्याबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही. तू आपलं काम पुरं कर. डबा वेळेवर खा आणि आमची आठवण ठेव.

तुझा,
आप्पा

॥ श्री ॥
बीड, १२ जानेवारी २०२५

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. सुरज आणि मी सगळं पुन्हा जोडलं आणि काल कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. आई-बाबा दुसऱ्या रांगेत होते. पंगत थांबली तिथपासून लोक हसायला लागले ते थांबेचनात. भिवराबाईंनी मला दटावलं तिथं तर टाळ्या पडल्या.

मग बाबा आले पडद्यावर. आणि तिथंच घोळ झाला, कारण सुनितानं तेव्हा माइकची काठी टाकलेली होती. त्यांचं सगळं बोलणं गायब! आम्ही वर नुसती सनई लावली होती. बाबांचे ओठ हलतायत, भुवया नाचतायत आणि पी-पी सनई. हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. बाबा उठले आणि बाहेर गेले.

वाटलं, संपलं. चारचौघांत बापाचं हसं केलं मी. मी बाहेर गेले तर ते कडुनिंबाखाली कठड्यावर बसलेले, तोंड भिंतीकडे. अगदी सोमेश्वरसारखे! मग मला तुमचं पत्र आठवलं.

मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, बाबा, चला आत. ते हलले नाहीत. मी दुसऱ्यांदा म्हणाले, तर ते आणखी वळून बसले. मी तिथंच खाली उकिडवी बसले आणि तिसऱ्यांदा म्हणाले, चुकलं माझं, चला.

बाबा उठले. धोतर झटकत म्हणाले, पुण्याला जाशील तिथं आधी आवाज धरायला शीक, म्हणजे पुढच्या फिल्ममध्ये माझं बोलणं जायला नको.

आप्पा, मी जातेय. तुमचा कोट सोमेश्वरनं धुऊन दिलाय, येत्या रविवारी घेऊन येते. तोवर आहे ती माया तशीच राहू द्या, मला पुरते.

तुमची,
वैष्णवी