सहसंबंधाचं उदाहरण

माय, आज नातीची मानसशास्त्राची उजळणी घेतली. मेंदूचे भाग तिला पाठ होते, संशोधनपद्धतीत मात्र अडखळली, आणि मला देवपूरचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. साठचं दशक सरत आलेलं, मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. तू चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापते आहेस, मी पाटावर बसून संज्ञा घोकते आहे. तुला अक्षरओळख नव्हती, पण परीक्षक म्हणून तू खमकी होतीस. प्रत्येक शब्दाला उदाहरण मागायचीस. लहान मेंदू शरीराचा तोल सांभाळतो म्हटलं, तर म्हणालीस, "दोन हंडा डोकावर लई चालस मी. मंग मन्हा लहान मेंदूच मोठा शे!" नियंत्रित गट तर तुला माझ्याआधी कळला. "एक भाकरमा मीठ, दुसरीमा नही, बाकी बठ्ठं सारखं. असंच नं?"

मग आला सहसंबंध. दोन गोष्टी बरोबरीने घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, असं मी वाचलं. तुझा हात पिठातच थांबला. "परत सांग." मी परत सांगितलं. तू तिसऱ्यांदा वाचायला लावलंस, आणि या वेळी उदाहरण मागितलं नाहीस. उदाहरण तूच होतीस. तू लग्न होऊन आलीस आणि आठव्या दिवशी आबा, म्हणजे तुझे सासरे, गेले. तेव्हापासून तू पांढऱ्या पायाची. शुभकार्याचा सगळा स्वयंपाक तुझा, पण कुंकवाच्या तबकाला तुझा हात लागायचा नाही.

त्याच आठवड्यात ताईचा साखरपुडा होता. पाहुणे बसलेले, आणि वडिलांची थोरली बहीण, आपल्या अक्का, तबक घेऊन पुढे निघाल्या. तू पदराला हात पुसत बाहेर आलीस. "अक्का, मी उनू अन् आबा गयात. पन मी उनू म्हनीसन ते नही गयात. पुस्तकमा लिखेल शे." अक्का माझ्याकडे वळल्या. "खरं शे का वं?" मी म्हटलं, "हो अक्का, असंच लिहिलंय." तू तबक त्यांच्या हातून घेतलंस आणि आपल्या लेकीला स्वतः कुंकू लावलंस. इतका अभिमान मला पुढे स्वतःच्या पदवीचाही वाटला नाही. ताईचा संसार सुखाचा झाला. तो तुझ्या पायगुणाने झाला असं मात्र मी म्हणणार नाही, तुलाच ते पटायचं नाही.

पुढे तीस वर्षं मी हाच विषय शिकवला. सहसंबंध शिकावा तर बाईंकडून, असं मुली म्हणायच्या. हे तुला ऐकवताना मी जरा फुशारते आहे, कळतंय मला. पण लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी, आणि हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही म्हणून धीर होतो. शाळेत असताना परीक्षेच्या दिवशी तू दही-साखर घेऊन पुढच्या दारात उभी असायचीस, आणि मी मागच्या दाराने निघून जायचे. तू आडवी येऊ नयेस म्हणून. मागचं दार शाळेला जवळ पडतं, असं तुला सांगायचे. जवळ पडत नव्हतं, माय.