मधली जागा

प्रिय राउनो,

तुझ्या शर्यतीच्या गाडीखालून बाहेर सरकले, हात पुसले आणि लिहायला बसले. समोर बोलायला गेले की तू हसतोस आणि मी गप्प होते, म्हणून कागद.

हिवाळाभर मी तिचा सांगाडा जोडत होते. पत्र्यांच्या प्रत्येक सांध्यावर वेल्डिंगचा बोटभर टाका, बोटभर जागा, पुन्हा टाका. म्हणजे वळणावर गाडी अंग पिळत नाही आणि पत्राही तापून ठिसूळ होत नाही. तू कॉफीचा कप घेऊन यायचास. "इर्मा, वेल्डिंग करतेस की उशीचा अभ्रा शिवतेस?" तळ्याच्या बर्फावर एक फेरी मारून आलास नि म्हणालास, "अजून लवते. गाडी आहे की उकडलेली मकरोनी?"

मी आणखी टाके घालायला नाही म्हटलं, तर गाडी ट्रेलरवर चढवून शहरात नेलीस. तिथल्या माणसाने मी सोडलेली प्रत्येक जागा भरून टाकली. परत आणल्यावर तू दारावर टिचकी मारलीस. "ऐक, आता कशी घंटेसारखी वाजते." सिल्या हसली. माझी मुलगी. तुझ्या शेजारी बसून वळणं वाचून दाखवते आणि आता तुझ्यासारखंच हसते.

परवा सरावात टेकाडावरून गाडी उडवलीस. काल गाडी सोडून जाताना म्हणालास, "पुढच्या चाकापाशी रंगाला तडा गेलाय, जरा रंगाचा हात मार." मी रंग खरवडला. तडा पत्र्यात आहे, टाक्याच्या अगदी कडेने. फोन केला तर म्हणालास, "शर्यत शनिवारी आहे. रविवारी रडू." सिल्याला दाखवला. ती म्हणाली, "आई, मामा म्हणालाच होता, तू असलं काहीतरी शोधून काढशील."

हे जोडकाम मात्र तुला चांगलं जमलं. तुम्हा दोघांत माझ्यासाठी जागाच ठेवली नाहीस.

तुझा जीव तुझा आहे, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. पण सिल्याचं आसन गाडीला धरून ठेवणाऱ्या चारही लोखंडी पट्ट्या मी कापून काढल्या आहेत. आसन अंगणात ठेवलंय. उद्या ट्रेलर आणशील तेव्हा मला हाका मारू नकोस. जायचं तर एकटा जा. एवढ्याचसाठी लिहिलं.

तुझीच, अजूनही बहीण,
इर्मा

सकाळी लिहिते: मी उठायच्या आत तुम्ही गेलात. अंगणात आसन नाही. कापलेल्या पट्ट्याही नाहीत. माझा वेल्डिंगचा मुखवटा खुंटीवर आहे, त्याचा डोक्याचा पट्टा सिल्याच्या मापाला आवळलेला.