आजीने सुधारलेला गुत्तेवाला

प्रिय लेस्टर,

आशीर्वाद. पत्राचे कारण आधी सांगते, म्हणजे तू चष्मा शोधण्याच्या निमित्ताने मधली पाने गाळणार नाहीस. तुझे सर्वांत गाजलेले प्रवचन, 'आजीने सुधारलेला गुत्तेवाला', खोटे निघाले आहे. निम्मे खोटे. आणि तुझ्या मुलीचे हॉटेल राहते की जाते, हे आता त्या प्रवचनावर येऊन ठेपले आहे. हे फोनवरही सांगता आले असते, पण फोनवर मी कॉरिनचे नाव काढले की तुझी किटली उकळायला लागते आणि तुला जावे लागते. (एवढी तत्पर किटली मला आमच्या गावात कुठे मिळाली नाही.)

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरने चालायला सांगितले आहे की बसायला, हे नक्की कळव. तू दोन्ही गोष्टी सोयीप्रमाणे सांगतोस. तिकडे टूवूम्बात थंडी असेल, लोकरीचा बनियन घाल. माझी प्रकृती उत्तम आहे. उसाचे गाळप सुरू झाले असून गावभर मळीचा वास आहे, आणि काळी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते आहे. तक्रार नाही, नोंद केली.

आता मुद्दा. कॉरिनने औषधांचे दुकान सोडून स्टीमर हॉटेल, म्हणजे नाव हॉटेलाचे आणि धंदा गुत्त्याचा, चालवायला घेतले, तेव्हा तू तिच्याशी बोलणे टाकलेस. मीही तिला चार शब्द सुनावले होते, पण बोलणे टाकले नाही, कारण न बोलता सुनावता येत नाही. या दोन वर्षांत तिने छपराचे पत्रे बदलले, वरच्या व्हरांड्याचा कुजलेला कठडा काढून नवा बसवला आणि स्वयंपाकघरातून उंदीर घालवले. तीन महिन्यांपूर्वी मालकांनी कळवले की यंदाचा गाळपाचा हंगाम संपला की भाडेपट्टा संपेल आणि तिथे टायरांचे गोदाम होईल. एकच वाट उरली होती. पर्यटनवाल्यांनी 'जुन्या पेयांची वाट' नावाची सहल सुरू केली आहे. ज्या हॉटेलात एखादे जुने कॉकटेल जन्मले आणि त्याला सांगण्याजोगी कथा आहे, तिथे दर शनिवारी माणसांनी भरलेली बस थांबते. बस थांबली तर मालक पट्टा वाढवायला तयार आहेत. आणि स्टीमरमध्ये 'कप्तानाचा कोट' जन्मला, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

कॉरिन माझ्याकडे आली. मी इतिहास मंडळाची अध्यक्ष. (मंडळात आम्ही सातजण आहोत, पैकी दोघे इतिहासजमा.) म्हणाली, "आत्या, परीक्षणाला माणसं येणारेत. त्यांच्यापुढे कथा तू सांग. तू सांगितलीस की लोकांना खरीच वाटते." मी सांगितले की मला खरी वाटली तरच सांगेन. तिने त्या वेळी हे वाक्य नीट ऐकले असते तर पुढचा अनर्थ टळला असता.

मी महिनाभर वाचनालयात बसले. लेस्टर, जन्मात दारूचा थेंब न घेतलेल्या बाईने दारूचा इतिहास वाचावा, त्यासारखी करमणूक नाही. एकेका पेयाला पाककृती एक आणि बाप सात. मार्गारिटा म्हणून एक आहे, तिच्यावर हक्क सांगणाऱ्यांची रांग मेक्सिकोपासून टेक्सासपर्यंत जाते. मॅनहॅटन नावाचे पेय म्हणे एका थोर इंग्रज पुढाऱ्याच्या आईने न्यूयॉर्कात मेजवानी देऊन जगापुढे आणले. तारखा जुळवल्या तर ती माउली त्या सुमारास इंग्लंडात बाळंतपणात गुंतलेली निघते. डायकिरी क्यूबातल्या लोखंडाच्या खाणीवरून आली. पण मला खरी गंमत वाटली ती दुसरीच. बहुतेक पेयांच्या तळाशी एक सज्जन वस्तू सापडते. लिंबाचा रस खलाशांच्या हिरड्या वाचवायला, सिंकोनाचा काढा हिवतापावर, कॉकटेलात टाकतात ते कडू थेंब एका फौजी डॉक्टरने पोटदुखीवर काढलेले. आधी कुणीतरी कळवळ्याने औषध करतो, आणि मागून कुणीतरी त्यात बाटली उपडी करतो.

आपल्या 'कोटा'चीही चौकशी केली. वादळाच्या वर्षी खडकावर जहाज फुटले, भिजलेला कप्तान कोटाचे खिसे लिंबांनी भरून स्टीमरमध्ये आला, हॉटेलवाल्याने त्यांच्या रसात रम ओतून त्याला जिवंत केले, ही कथा. त्या वर्षीची सगळी वर्तमानपत्रे चाळली. खडकावर एकही जहाज फुटलेले नाही. एक गलबत चिखलात रुतले, ते पुढच्या भरतीला आपोआप निघाले. त्यात सिमेंट होते.

परीक्षणाला विटकोम नावाचे गृहस्थ आणि दोन बायका आल्या. एक लिहून घेणारी, एक फोटो काढणारी. आमच्या मेजावर बार्नी केहोही होता. (तो शाळेत माझा विद्यार्थी होता. आता त्याला नातवंडे आहेत, तरी मी आत आले की टोपी काढून हात मेजावर ठेवतो.) पहिली फेरी कॉरिनची. सगळ्यांना 'कोट', मला चहा. विटकोम म्हणाले, "सांगा मॅडम." मी सांगितले. जहाज नाही, कप्तान नाही, कोट नाही, सिमेंट आहे. तारखांसकट सांगितले.

लिहून घेणाऱ्या बाईने पेन खाली ठेवले. कॉरिनने माझ्याकडे बघितले. ती लहानपणी सायकलवरून पडली की रडायची नाही, नुसती बघायची, ते तुला आठवत असेल. तसे बघितले. विटकोम फार सभ्य माणूस. म्हणाले की प्रामाणिकपणाचे कौतुक आहे, पण कथाच नाही तर बस कशासाठी थांबवायची, आणि त्यांनी फाइल बंद करून टोपी उचलली.

लेस्टर, तू कधी गुत्त्याची पायरी चढला नाहीस, म्हणून सांगते. इथे मेजावरचा प्रत्येकजण आळीपाळीने सगळ्यांसाठी पेये आणतो. दुसऱ्याच्या फेरीचे प्यायचे आणि आपली फेरी न देता उठायचे, हे आपल्या मुलखात कुणी करत नाही. बँक बुडवलेला माणूससुद्धा करत नाही. बार्नी अगदी हळू म्हणाला, "साहेब, तुमची फेरी राहिली." विटकोमांनी टोपी परत ठेवली. मग त्या दोन बायका एकमेकींकडे बघून समजल्या की त्यांच्याही राहिल्या आहेत.

विटकोमांनी मला काय हवे विचारले. चहा संपला होता. दुसऱ्याची फेरी नाकारणे हाही अपमानच, म्हणून मी म्हटले, तेच आणा, रम न घालता. नुसते लिंबू-आल्याचे सरबत आले. मी एक घोट घेतला आणि सवयीने बोलून गेले, "साखर करपली आहे. पहिला नंबर नाही, दुसराही नाही." (तीस वर्षे कृषिप्रदर्शनात मुरंबे आणि सरबते तपासली आहेत, जीभ आपोआप चालते.) कॉरिन म्हणाली की ती मुद्दाम करपवते. तिला आधीच्या हॉटेलवाल्याने तसे बजावले होते, त्याला त्याच्या आधीच्याने. साखर जरा जळल्याशिवाय 'कोट' होत नाही.

मी दुसरा घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. जगात एकाच बाईच्या हातून नेमकी एवढीच साखर करपायची. आपली आजी पातेल्यापुढे उभी राहून दारूबंदीची प्रार्थना म्हणायची, आणि तिची प्रार्थना साखरेपेक्षा लांब होती.

पुढचे तुला तोंडपाठ आहे. पगाराच्या दिवशी आजी दारूबंदी संघाच्या बायकांना घेऊन स्टीमरच्या फाटकासमोर सरबताचे मेज मांडायची, ऊसतोड्यांना आत जाण्याआधीच अडवायला. आणि एके दिवशी खुद्द हॉटेलवाला बाहेर आला, एक पेला प्यायला, आणि तेव्हापासून दर शनिवारी सहा बरण्या विकत घेऊ लागला. माणूस सुधारला, असे आजी मरेपर्यंत सांगत होती. तू ते व्यासपीठावरून सांगितलेस. मी शाळेत सांगितले. एका हॉटेलवाल्याला आठवड्याला सहा बरण्या सरबत कशाला लागते, हा प्रश्न कॉलेजात शिकलेल्या आपल्या दोघांपैकी एकालाही पडला नाही.

मी बार्नीकडे बघितले. त्याने मेजावरचे हात काढून मांडीवर घेतले.

"माझा आजा त्या बरण्या मागच्या दारानं आत न्यायचा, बाई," तो म्हणाला. "गावात हे सगळ्यांना माहितीये. तुमचं घर सोडून."

मी विचारले, मग तो कप्तान कुठून आला.

"तुमच्या आजीच्या कानावर गेलं असतं तर तिनं सरबत बंद केलं असतं. आणि तिला वाईट वाटलं असतं. दोन्ही नको होतं. म्हणून कुणीतरी कप्तान उभा केला. मग तुमची आई होती. मग तुम्ही होता."

लेस्टर, अख्ख्या गावाने तीन पिढ्या एक भिजलेला कप्तान खांद्यावर वाहिला, तो आपल्या घरच्या बायकांचे मन राखायला. आणि मी तो वर्तमानपत्रे चाळून खाली पाडला. कॉरिन आधी हसली, मग तिचे डोळे भरले, मग पुन्हा हसली. विटकोमांची फाइल पुन्हा उघडली होती. लिहिणारी बाई इतक्या घाईने लिहीत होती की तिचा पेला बार्नीने सरकवून ठेवला. विटकोम म्हणाले, "मॅडम, तुमच्या आजींचा एखादा फोटो आहे का?" मी म्हटले, आहे, पण ती त्यात रागावलेली आहे. ते म्हणाले, उत्तम.

एरवी सर्व क्षेम. बनियन घालण्याचे विसरू नकोस.

तुझी मोठी बहीण,
मेरल

ता.क. बस या हंगामापुरती मंजूर झाली आहे. पुढे चालू राहावी तर कथा रंगली पाहिजे. पहिल्या दोन शनिवारी मी सांगितली. दर वाक्यानंतर 'मात्र याला लेखी पुरावा नाही' असे तोंडून येतेच, आणि माणसे घड्याळ बघतात. आवाज तुझा आहे. आजी फाटकाशी उभी राहते तिथे तू सांगता सांगता क्षणभर थांबायचास, ते मला जमत नाही. म्हणून तू ये. हंगामभर राहा. दारूविरुद्ध जे बोलायचे ते सगळे बोल, कॉरिनची हरकत नाही, मी विचारले आहे. ऐकणाऱ्यांच्या हातात पेले असतील, एवढाच फरक. गुत्त्याच्या आत उभे राहून दारूविरुद्ध बोलायची संधी आजीलाही मिळाली नव्हती.

ता.क. २. हे पत्र मी आपण होऊन लिहिते आहे असे वर भासवले आहे. तसे नाही. कॉरिनने लिहायला लावले. स्वतः लिहायला तिचा हात धजत नाही. दोन वर्षांत तिने तुला बावीस वेळा फोन लावून ठेवून दिला, असे ती म्हणते. आकडा मी तपासलेला नाही.

ता.क. ३. जन्मात थेंब घेतला नाही, असे वर लिहिले आहे. महिनाभर वाचनालयात बसले, तोवर ते खरे होते. त्या दिवशी शेवटची फेरी माझी होती, आणि परीक्षकाने स्पर्धेतली वस्तू रमशिवाय अर्धीच चाखून निकाल देऊ नये. दुसरा नंबर.

मालवाहू गाडीचा चालक ग्लेन टफ्नेल याच्या स्वाधीन केलेल्या वस्तू, माझ्यासमोर बांधून: सरबत, एक बरणी, कॉरिनने केलेले, साखर करपलेली. वरच्या व्हरांड्याच्या खोलीची किल्ली, एक. खोली झाडून ठेवली आहे, पलंग खिडकीकडे आहे. रम, एक लहान बाटली, वेगळी, बूच लाखेने बंद. ती कॉरिनने ठेवली आहे. उघडू नकोस, येताना तशीच परत आण, तिच्या हातात दे.