दारातूनच बोल

आई, रामदासपेठेतल्या दवाखान्यात खालच्या मजल्यावर बसून लिहितेय. बसून म्हणजे काय, दोन ओळी झाल्या की उठते, लिफ्टपर्यंत जाते, परत येते. वर तुझा लेक आहे. दादाची किडनी बदलून पाच दिवस झाले. शरीराने ती नाकारू नये म्हणून औषधांनी त्याची प्रतिकारशक्तीच कमी केलीय. साधी सर्दीसुद्धा महागात पडेल. आत जायला एकच पास, तो मी आणि वहिनी आळीपाळीने वापरतो. सकाळी कळमेश्वरहून मामा आले, गाडीभर माणसं आणि पिशवीभर संत्री घेऊन. मी जिन्यात आडवी उभी राहिले. "काहून वं पोरी? मले का रोग झाला का? पाच मिनिटं जातो, पाठीवरून हात फिरवतो, येतो." व्हिडिओ कॉल लावून देते म्हटलं, तर फुगले. "आजारी माणसाले फोनवर भेटतेत का?" शेवटी मी म्हटलं, "आई असती तर तिनं तुम्हाले गेटवरूनच वापस पाठवलं असतं." तेव्हा हसले. त्यांचे सासरे दवाखान्यात होते तेव्हा तू त्यांना खरंच पाठवलं होतंस.

तू वॉर्डातली सिस्टर. ड्यूटीवरून आलीस की आम्ही धावायचो, आणि तू दोन्ही हात वर धरून ओरडायचीस, "शिवू नोको मले, मी अजून वार्डातच आहो!" नळ मी सोडायचा, तू कोपरापर्यंत साबण लावायचीस, साडी वेगळ्या बादलीत जायची, मगच कुशीत. मला राग यायचा. मैत्रिणींच्या आया नुसत्याच जवळ घेत.

तो राग होता म्हणूनच बहुधा, तू आजारी पडलीस तेव्हा मी ऐकलं नाही. केमोने तुझ्या पांढऱ्या पेशी पार उतरल्या होत्या. मी खाप्याहून आलेली, दारात उभी, आणि पलंगावरून तू म्हणतेस, "दारातूनच बोल. नाक वाहून राहिलं तुह्यं." मला लागलं ते. "एसटीत धूळ होती," म्हणाले आणि सरळ आत आले. संत्रं सोललं, फोड तुझ्या तोंडाशी धरली. जन्मभर सगळ्यांना अडवणारी तू, माझ्याकडे पाहिलंस आणि तोंड उघडलंस. चार दिवसांनी खोकला, मग न्यूमोनिया, मग तू नाहीस. डॉक्टर म्हणाले, संसर्ग कुठूनही होतो. ते वाक्य मी इतकी वर्षं घट्ट धरून बसलेय.

आज दुपारपासून माझा घसा खवखवतोय. एसीने असेल, मामांशी वाद घातल्याने असेल. चारला माझी पाळी होती. लिफ्टचं दार उघडलं आणि मी ते तसंच बंद होऊ दिलं. वहिनीला फोन केला, "मी वर येत नाही, घसा दुखतोय." कालपासून तिचा डोळ्याला डोळा नाही, तरी म्हणाली, "बरं झालं सांगितलं, ताई."

हा कागद पर्समध्येच राहील. त्या दिवशी मला ताप होता, आई. गेटवर गोळी घेतली, आणि तू कपाळाला हात लावशील म्हणून अंग थंड होईपर्यंत तिथेच थांबले होते.